चार चौकोन

रात्री साडेनऊनंतर तांबळडेगात नेटवर्क येतं,
तेही जाळ्यांच्या खोपीमागे, सुरूच्या तिसऱ्या झाडापाशी.
दिवसभर सोसायटीच्या काट्यावर बांगडे तोलून
हाताला लागलेला वास साबणाने जात नाही,
तो मोबाइललाही लागतो.
खांडेपारकर सर पुण्यातून बोलतात,
मध्येच त्यांचं तोंड उघडंच राहतं, त्यावर एक गोल फिरू लागतो.
मी डास मारत थांबते.
मग ते भलत्याच वाक्याच्या मधून सुरू होतात,
"...म्हणजे कारण नव्हे."
काय म्हणजे कारण नव्हे
ते मला दुसऱ्या रात्री कळलं.

वैज्ञानिक विचारपद्धती. बारा आठवडे, फी अकराशे.
चौतिसाव्या वर्षी हे कशाला, असं कुणी विचारलं नाही,
फक्त काट्यावरचा सदा धुरत म्हणाला,
"आता बांगड्याचा वजन पण शिकान करतलंस?"

पाचव्या आठवड्यात चार चौकोनांचा तक्ता आला.
आडवं: घडलं, नाही घडलं.
उभं: खूण दिसली, नाही दिसली.
सर म्हणाले, माणसाला पहिलाच चौकोन आठवतो,
बाकीचे तीन कुणी लिहूनच ठेवत नाही.

आमच्या घरातला पहिला चौकोन अकरा वर्षांचा आहे.
नारळी पुनवेच्या सकाळी आईने नारळ फोडला,
आतून काळा, वास मारणारा.
तो तिने माडाखाली पुरला,
दुसरा फोडला, बाबांच्या हातावर खोबरं ठेवलं
आणि गप्प राहिली.
चौथ्या दिवशी होडी आली. बाबा नव्हते तीत.
"मी तेंका सांगूक नाय,"
इतकंच ती मला एकदा म्हणाली, पाठमोरी, वाटण वाटता वाटता.
वाडी तर म्हणते, नासका निघाला म्हणजे देवाला पोचला.
म्हणजे कसाही फुटला तरी नारळ खराच बोलतो.

म्हणून गृहपाठाला मी नारळ घेतले.
गणपतीपासून शिमग्यापर्यंत
आमच्या आणि शेजारच्या दोन घरांत फुटलेला प्रत्येक,
तारीख, चांगला की नासका,
पुढच्या आठ दिवसांत काय झालं.
"काय लिवतंस गे?"
"अभ्यास."
"नारळाचो?"

दोनशे तीन नारळ. नऊ नासके.
नासक्यांनंतर एकदा गॅस संपला,
एकदा गाय व्याली,
कोयंड्यांच्या रश्मीला वेंगुर्ल्याचं स्थळ आलं.
उरलेल्या सहा वेळा काहीच नाही.
सहा वेळा 'काहीच नाही' लिहिताना
हात का जड झाला, त्याला तक्त्यात रकाना नव्हता.
चांगल्या नारळांनंतर मात्र
दिगू आजोबा गेले,
आणि तारींचं इंजिन भर पाण्यात बंद पडलं.

सरांचा शेरा आला: नमुना लहान, घरं तीनच,
निष्कर्ष जरा जपून. वीसपैकी चौदा.
मी जपूनच लिहिला होता.
तो सरांसाठी नव्हताच.

वही आईपुढे ठेवली.
तिला अक्षरं लागतात, हळूहळू.
बोट 'काहीच नाही'वर फिरलं, परत फिरलं,
मग पहिल्या चौकोनात थांबलं. तिथे मी
अकरा वर्षांपूर्वीचं ते एक, पेन्सिलीने, वेगळं लिहिलं होतं.
"हेच्यात एकच?"
"एकच."
"तो एकच माझो होतो गे."

यावर पुढचं व्याख्यान नव्हतं.
मी वही मिटली. उगाच केलं असं
आठवडाभर वाटत राहिलं,
काट्यावर दोनदा वजन चुकलं.

शनिवारी मागच्या दारातून हाक आली.
आई उभी, दोन्ही हातांत दोन काळ्या भकली,
नाक मुरडलेलं.
"लिव. धावो."
मी पेन शोधेपर्यंत ती थांबली,
तारीख बरोबर लिहिली का ते वाकून बघितलं,
मग माडाकडे न जाता
दोन्ही भकली उकिरड्यावर भिरकावली,
हात धुतले
आणि आडाळ्यावर दुसरा खवायला बसली.